मेंबर किती? ऑनलाइन गेमच्या मोजणीची गोष्ट



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. एखाद्या गेमची कंपनी म्हणते, "आमचे दहा कोटी सदस्य झाले." बातमी येते, आपण ऐकतो आणि पुढे जातो. हे दहा कोटी मोजले कुणी, कसे, आणि मोजलं ते नेमकं काय? या मोजणीला चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कोरडा अजिबात नाही.

सुरुवात माझ्या गल्लीतून करतो. २००५ च्या सुमारास इंदूरला आमच्या घराजवळ एक सायबर कॅफे होता. आठ मशीन आणि काउंटरवर एक लांबट वही. वहीत नाव, मशीन नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. आम्ही पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायला जायचो आणि नावाच्या रकान्यात राहुल द्रविडपासून अमरीश पुरीपर्यंत मनाला येईल ते नाव टाकायचो. कॅफेवाल्या काकांना नावाशी देणंघेणं नव्हतं, ते फक्त वेळ बघायचे. वर्षअखेरीस त्या वहीत शेकडो नावं झाली असतील. पण काकांना विचारलं, "गिऱ्हाईक किती?", तर ते वही न उघडताच सांगायचे, "रोजची वीस-बावीस पोरं."

बघा, सगळा विषय त्या काउंटरवर आहे. वहीतली नावं म्हणजे आजच्या भाषेत रजिस्टर्ड युजर. आत्ता खुर्चीवर बसलेली आठ डोकी म्हणजे एका वेळी ऑनलाइन असलेले. पैसे देऊन उठणारे म्हणजे पेइंग युजर. आणि काकांची वीस-बावीस पोरं म्हणजे ॲक्टिव्ह. चारही आकडे खरे आहेत, पण दुकान विकायला काढलं तर काका गिऱ्हाइकाला कोणता आकडा सांगतील?

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासून बघता येईल. जो आकडा कधी कमी होऊच शकत नाही, तो सदस्यांचा आकडा नसतो. तो वहीच्या पानांचा आकडा असतो.

आता मागे जाऊ. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी मड नावाचा खेळ केला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर, पण एकाच जगात अनेकांनी एकत्र खेळायचं. अशा खेळांत "हू" अशी एक आज्ञा असे. ती दिली की आत्ता आत कोण कोण आहे त्यांची यादी समोर येई. मोजणी म्हणायची तर एवढीच. किती नावं नोंदली गेली याला फारशी किंमत नव्हती, कारण विकायचं काही नव्हतं.

पैसा आला तशी मोजणी बदलली. १९८६ मध्ये लुकासफिल्मच्या गेम विभागाने हॅबिटॅट नावाचं जग चाचणीसाठी खुलं केलं. घरातला कॉमडोर ६४ संगणक टेलिफोनच्या तारेने क्वांटम लिंक या सेवेला जोडायचा आणि मिनिटांच्या हिशोबाने पैसे भरायचे. यात माणूस मोजण्यापेक्षा मिनिटं मोजणं महत्त्वाचं. हे जग उभारणाऱ्यांपैकी रँडी फार्मर यांनी पुढे लिहून ठेवलेलं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या अंदाजाने इथल्या रहिवाशांपैकी पाऊण हिस्सा नुसता येऊन-जाऊन असणारा होता, आणि एकूण जोडणीच्या वेळेपैकी त्यांच्या वाट्याला जेमतेम पाचवा हिस्सा येत असावा. उरलेला वेळ थोड्या लोकांचा. म्हणजे "सदस्य" आणि "हजर सदस्य" यांच्यातली दरी पहिल्याच पिढीत दिसली होती. पुढच्या पिढ्यांना ती माहीत नव्हती असं नाही. ती दाखवायची की झाकायची, एवढाच प्रश्न होता.

१९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आलं. आता मिनिटांचं मीटर गेलं आणि महिन्याची वर्गणी आली, ९ डॉलर ९५ सेंट. वर्षभराच्या आत वर्गणीदार एक लाखावर गेले, तेव्हा तो आकडा अचाट मानला गेला. १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट आलं, ते त्याच्याही पुढे गेलं. वर्गणीचा आकडा तसा प्रामाणिक. माणूस सोडून गेला की पैसे थांबतात आणि आकडा उतरतो. मात्र एक बारीक खोट आहे. वर्गणी भरणारा खेळतोच असं नाही. जिमची फी भरून घरी झोपणारे आपल्याकडे काय कमी आहेत? शिवाय एकच गडी दोन-तीन अकाउंट घेऊन बसतो, एकाने लढतो आणि दुसऱ्याने सामान वाहतो. तरीही, कुणीतरी खिशात हात घातला आहे एवढी खात्री त्या आकड्यात असते.

इथून आपण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवर येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ब्लिझार्ड कंपनीने हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. जानेवारी २००८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की वर्गणीदार एक कोटीवर गेले. पत्रकात आकड्याच्या खाली वर्गणीदार म्हणजे कोण, याची व्याख्या दिलेली असे. ज्याने वर्गणी भरली आहे किंवा ज्याचं प्रीपेड कार्ड चालू आहे तो. ज्याने खेळ विकत घेतला आणि ज्याचा पहिला फुकट महिना चालू आहे तोही. गेम कॅफेत बसून गेल्या तीस दिवसांत जो खेळला तोही. आणि कोण नाही? जाहिरातीसाठी दिलेल्या फुकट सवलतीवरचे नाहीत, मुदत संपलेले नाहीत, रद्द केलेले नाहीत. किराणा दुकानाच्या पाटीवर "उधारी यात धरलेली नाही" असं लिहावं, तसा हा चोख प्रकार.

पण त्यातलं ते गेम कॅफेचं कलम मुद्दाम बघा. ते का लागलं? कारण त्या एक कोटीत सुमारे ५५ लाख आशियातले होते, उत्तर अमेरिकेतले २५ लाखांवर आणि युरोपातले २० लाखांवर. चीनमध्ये महिन्याची वर्गणी नव्हतीच. तिथे तासांचं कार्ड मिळे, ३० युआनला ६६ तास ४० मिनिटं. संपलं की दुसरं घ्यायचं, आपल्या मोबाईल रिचार्जसारखं. अमेरिकेतला माणूस महिना भरतो आणि दोनच दिवस खेळतो, चीनमधला दोन तास खेळतो आणि दोनच तासांचे पैसे देतो. कंपनीच्या पत्रकात दोघंही एकेक वर्गणीदार. खोटं काहीच नाही, व्याख्या समोर लिहिलेली आहे. पण गुणिले वर्गणी करून कंपनीची कमाई काढायला बसलात तर उत्तर चुकणार.

ऑक्टोबर २०१० मध्ये हा आकडा एक कोटी वीस लाखांवर पोचला. तो माथा. पुढे उतार लागला, आणि तोही कंपनी दर तिमाहीला सांगत राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवा भाग आला, आकडा पुन्हा एक कोटीवर गेला. मार्च २०१५ अखेर ७१ लाख. जूनअखेर ५६ लाख. सप्टेंबरअखेर ५५ लाख. आणि त्या वेळी कंपनीने सांगितलं की यापुढे वर्गणीदारांचा आकडा आम्ही देणार नाही, व्यवसायाचं मोजमाप करायला दुसरी परिमाणं जास्त बरी आहेत.

योगायोग असा, की त्याच सुमाराला, ऑक्टोबर २०१५ मध्ये, मायक्रोसॉफ्टनेही एक्सबॉक्स यंत्रं किती खपली हे सांगणं थांबवून महिन्याला किती लोक एक्सबॉक्स लाइव्हवर येतात त्यावर भर द्यायचं ठरवलं. दोन्ही निर्णयांना कारणं असतील, कंपन्यांनी ती दिलीही. मी एवढंच म्हणतो, की पावसाळ्यात पर्जन्यमापक घरात नेऊन ठेवला की जरा भुवया उंचावतात.

याच ब्लिझार्डने जानेवारी २०१४ मध्ये वॉरक्राफ्टच्या प्रवासाचं एक चित्रमय पत्रक काढलं होतं. त्यात होतं, आजवर दहा कोटी अकाउंट उघडली गेली आणि पन्नास कोटी पात्रं तयार झाली. त्या काळात वर्गणीदार एक कोटीच्याही खाली होते. एकाच खेळाचे तीन आकडे. पन्नास कोटी पात्रं, दहा कोटी अकाउंट, आणि पैसे भरणारे एक कोटीपेक्षा कमी. यातले पहिले दोन कधी उतरू शकत नाहीत. खेळ उद्या बंद पडला तरी ते तसेच राहतील.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण. सेकंड लाइफ. काही जण म्हणतील हा गेमच नाही, आणि बनवणारी लिंडन लॅबही तसंच म्हणे, पण मोजणीच्या इतिहासात त्याच्याशिवाय पान हलत नाही. २००३ मध्ये सुरू झालेलं हे आभासी जग. जून २००६ मध्ये नाव नोंदवायला क्रेडिट कार्डाची अट उरली नाही. दार सताड उघडं. ऑक्टोबरमध्ये "रहिवासी" दहा लाख झाले, डिसेंबरमध्ये वीस लाख. वर्तमानपत्रं वेडावली. रॉयटर्सने आत बातमीदार नेमला, कपड्यांच्या आणि मोटारींच्या कंपन्यांनी दुकानं थाटली, मे २००७ मध्ये स्वीडनने दूतावासासारखं दालन उघडलं.

रहिवासी म्हणजे कोण? तर ज्याचं स्वतंत्र नाव आहे आणि ज्याला आत यायचा हक्क आहे असं एक पात्र. आला नाही तरी चालेल. एकाने पाच नावं घेतली तर पाच रहिवासी. डिसेंबर २००६ मध्ये क्ले शर्की या अमेरिकन लेखकाने हे जाहीरपणे मांडलं. त्याचा मुद्दा साधा होता. लोक एकदा डोकावून जातात आणि परत येत नाहीत, अशांना तुम्ही लोकसंख्या म्हणता? नव्या दहा जणांतला साधारण एकच काही महिन्यांनी टिकून असतो, असं कंपनीकडच्याच आकड्यांतून दिसत होतं. एका क्षणी आत असलेली माणसं तेव्हा काही हजारांच्या घरात, वीस लाखांच्या आसपासही नाहीत.

इथे लिंडन लॅबच्या बाजूनेही बोललं पाहिजे. त्यांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या पहिल्याच पानावर एकूण रहिवासी, गेल्या साठ दिवसांत येऊन गेलेले आणि आत्ता ऑनलाइन असलेले, असे आकडे एकाखाली एक मांडलेले असत. बातमीदारांनी वरचा उचलला. ज्या कंपन्यांनी तिथे पैसे ओतले त्यांनीही वरचाच वाचला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत बहुतेक दुकानं गुंडाळली गेली, रॉयटर्सचा बातमीदारही परत आला. मजा म्हणजे सेकंड लाइफ बंद पडलं नाही, ते आजही चालू आहे. ज्यांचं ते खरंच घर होतं ते राहिले. फक्त ते वीस लाख कधीच नव्हते.

मग आलं फेसबुकचं युग. जून २००९ मध्ये झिंगा कंपनीचं फार्मव्हिल आलं आणि २०१० च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींवर लोक आभासी वांगी लावत होते. इथून "मंथली ॲक्टिव्ह" आणि "डेली ॲक्टिव्ह" हे शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले. डिसेंबर २०११ मध्ये झिंगा शेअर बाजारात आली, आणि बाजारात यायचं म्हणजे व्याख्या कागदावर लिहून द्याव्या लागतात. त्या वाचण्यासारख्या आहेत. एकच माणूस एकाच दिवशी झिंगाचे दोन खेळ खेळला तर तो दोनदा मोजला जाई. त्यामुळे कंपनीचे महिन्याचे ॲक्टिव्ह होते सुमारे २२ कोटी ७० लाख, आणि एकेकदाच मोजले तर सुमारे १५ कोटी. सात-साडेसात कोटींचा फरक नुसत्या व्याख्येचा! यातही पैसे देणारे शंभरात दोनच्या आसपास.

म्हणजे "ॲक्टिव्ह" हा शब्द आला म्हणून प्रश्न सुटला नाही. किती दिवसांची खिडकी, हा नवा प्रश्न आला. सेकंड लाइफ साठ दिवस धरे, फेसबुकवर तीस दिवस. सिंगापूरची सी ही कंपनी, आपल्याकडे गाजलेल्या फ्री फायरची मालक, तिमाहीची खिडकी धरते. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत त्यांनी ७२ कोटी ९० लाख ॲक्टिव्ह सांगितले, त्यात पैसे देणारे ९ कोटी ३२ लाख. तीन महिन्यांत एकदा खेळ उघडला तरी तुम्ही ॲक्टिव्ह. आमच्या कॅफेवाल्या काकांनी असं मोजलं असतं तर अर्धं इंदूर त्यांचं गिऱ्हाईक ठरलं असतं.

आणि अकाउंट म्हणजे माणूस नव्हे, ही अडचण अजून तिथेच आहे. लहान मुलांत लोकप्रिय असलेल्या रोब्लॉक्सच्या कागदपत्रांत कंपनी स्वतःच लिहिते, की आमचे रोजचे ॲक्टिव्ह म्हणजे तितक्या वेगवेगळ्या व्यक्ती नव्हेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंडेनबर्ग या संस्थेने हे आकडे बरेच फुगवलेले असल्याचा आरोप केला, कंपनीने तो फेटाळला. वाद आकड्याचा दिसतो, पण मुळात तो व्याख्येचा आहे.

आता आपल्या देशात येऊ. इथली मोजणी आणखी अवघड, कारण इथे एका फोनवर घरातले तिघं खेळतात आणि एका पोराकडे तीन सिम असतात. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होता. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला. जुन्या खेळाडूंना आपलं सामान नव्या खेळात हलवता येत होतं. म्हणजे ज्याचं नाव पब्जीच्या वहीत होतं त्याचंच आता बीजीएमआयच्या वहीतही आलं. वर्षभरात, जुलै २०२२ मध्ये, क्राफ्टन कंपनीने सांगितलं की रजिस्टर्ड युजर दहा कोटींवर गेले. त्याच महिन्यात, २८ तारखेला, खेळ गूगल आणि ॲपलच्या दुकानांतून उतरवला गेला, तो मे २०२३ पर्यंत परतला नाही. या दहा महिन्यांत ते दहा कोटी कुठे होते? वहीत होते.

हे मी एवढ्या तपशिलात का सांगतोय, तर या आकड्यांवर घराघरांत निर्णय होतात. माझ्या ओळखीत एक मुलगा आहे, नाव सांगत नाही. बारावीनंतर वर्षभर घरी बसला. ई-स्पोर्ट्समध्ये करिअर करायचं म्हणत होता. त्याच्या वडिलांनी मला विचारलं, "दहा कोटी पोरं खेळतात म्हणतात, मग बाजार मोठाच असेल ना?" मी म्हटलं, "भाऊ, दहा कोटींनी नाव लिहिलंय. रोज खेळणारे किती, पैसे देणारे किती, आणि खेळून पैसे मिळवणारे किती, हे तीन आकडे वेगळे मागा." तिसरा आकडा आम्हाला दोघांनाही कुठे सापडला नाही. मुलगा आता पॉलिटेक्निकला आहे, संध्याकाळी खेळतो.

सरकारी पातळीवरही हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली. त्या वेळी सरकारकडून अंदाज सांगितला गेला, की ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये बुडाले. कायदा बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. कर्जात बुडालेल्या घराचं दुःख मोजणीवर अवलंबून नसतं. पण ४५ कोटी म्हणजे तान्ह्या बाळांपासून आजीआजोबांपर्यंत देशातला जवळजवळ दर तिसरा माणूस. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयांच्या आतबाहेर येतात. साडेचारशे रुपयांनी घर उद्ध्वस्त होत नाही, म्हणजे नुकसान थोड्यांचं आणि फार मोठं असणार. ते थोडे कोण, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या वयाचे, हे शोधायचं असेल तर मोठा आकडा कामाचा नाही. लहान आकडा लागेल.

शेवटी पुन्हा वॉरक्राफ्टकडे जातो, एका माणसासाठी. नॉर्वेचा मॅट्स स्टीन. स्नायू क्षीण होत जाणारा डुशेन हा आजार त्याला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं, पोरगा एकटा होता, त्याला मित्र नव्हते, आयुष्य खेळात गेलं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी लिहिली आणि खाली आपला ईमेल दिला. मग पत्रं यायला लागली, लांबलांबची, अनोळखी माणसांची. इबेलिन या नावाने तो वर्षानुवर्षं ज्यांच्यासोबत खेळला, बोलला, ज्यांची भांडणं त्याने मिटवली, ती ही माणसं. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला, तुम्हाला बघता येईल.

तो गेला त्याच महिन्यात कंपनीने वर्गणीदार पुन्हा एक कोटीवर गेल्याचं जाहीर केलं होतं. त्याच्या कंपूचं नाव स्टारलाइट. सदस्य तीसेक. नव्या माणसाला जुन्यांची शिफारस लागे, मग काही काळ पारखून त्याला आत घेत. त्यांचा एक कमी झाला तेव्हा त्यांना लगेच कळलं, आणि ऑस्लोत त्याच्या अंत्यविधीला त्यांच्यातले काही जण वेगवेगळ्या देशांतून आले. आईवडिलांनी त्यांतल्या एकालाही त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं.